दोन दिवस, तीन तास, अठरा मिनिटं

१

मंगळवारी सकाळी पावणेअकराला दिल्लीच्या समितीचे तिघे जण कॉम्प्युटर लॅबमध्ये शिरले, तेव्हा तिथल्या चोवीसच्या चोवीस पडद्यांवर एकच ओळ होती. बाहेर जोडणी होत नाही.

जुलै १९९९. नगरच्या औरंगाबाद रोडवरचं हे खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज त्या वर्षी कॉम्प्युटरची नवी शाखा काढणार होतं. साठ जागा. समितीला इंटरनेट चालू दिसलं असतं तर मान्यता तिथंच मिळाली असती, असं सगळे धरून चालले होते.

लॅबच्या कोपऱ्यात, काचेच्या केबिनमध्ये, एक जुना कॉम्प्युटर ठेवलेला होता. महेंद्र भिंगारदिवे या हंगामी प्रशिक्षकानं त्याचा राउटर बनवला होता. लॅबमधल्या सगळ्या मशीनचा निरोप आधी त्याच्याकडं जायचा आणि तिथून टेलिफोनच्या लाइनवरून बाहेर. रविवारी महेंद्रनं त्यात नवं नेटवर्क कार्ड बसवलं आणि ते चालावं म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमही नवी चढवली. सोमवारी दिवसभर सगळं व्यवस्थित चाललं.

आता राउटरच्या पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की कर्नेल आणि मॉड्यूल यांचा मेळ बसत नाही, कार्ड सापडत नाही.

पाहुण्यांना स्टेशनवरून घेऊन आलेला महेंद्र त्यांच्या मागंच उभा होता. तो पुढं व्हायला गेला, तेवढ्यात संस्थेचे सचिव श्रीमंतराव यांनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं लोटलं.

"ह्यानंच केलंय," ते पाहुण्यांकडं वळून म्हणाले. "रविवारी एकटा बसला होता इथं. संस्थेवर राग आहे त्याचा."

समितीच्या प्रमुखांनी वही मिटली. ते चहाही न घेता निघून गेले. दुपारी केबिनला कुलूप लागलं. आत मशीन तसंच चालू राहिलं.

२

चौकशीसाठी श्रीमंतरावांनी गिदोन पाटोळे यांना बोलावलं. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनचा बिघाड शोधण्यात घालवून पाटोळे तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. सावेडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचे, रविवारी चर्चला जायचे. बोलायचे कमी. कॉम्प्युटरला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता.

"बाहेरचा माणूस लागतो नियमाप्रमाणं," श्रीमंतराव म्हणाले. "फार खोलात जायची गरज नाही. त्यानं लेखीच दिलंय."

त्यांनी एक कागद पुढं सरकवला. 'माझ्या हातून चूक झाली असण्याची शक्यता आहे. महेंद्र भिंगारदिवे.'

"शक्यता आहे, असं लिहिलंय त्यानं," पाटोळे म्हणाले.

"तेच ते."

"राग कसला म्हणालात?"

श्रीमंतरावांनी पंखा वाढवला. "प्रशिक्षकाची एक कायम जागा आहे. आरक्षणाच्या बिंदुनामावलीत राखीव दाखवलेली. आम्ही भरणारच होतो, पण ह्याला दम नाही. समाजकल्याण खात्याकडं अर्ज ठोकला. आता ऑगस्टच्या आत भरा म्हणून पत्र आलंय."

"उमेदवार कोण कोण आहेत?"

"दोघं. हा आणि दीपा ओहोळ. दोघंही सहा वर्षं हंगामी, दोघंही त्यांच्यातलेच." त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. "चार ओळी लिहा, पाटोळे. आजच झालं तर बरं."

पाटोळ्यांनी तो कागद पुन्हा वाचला. एक्स्चेंजमध्ये त्यांनी अशा पुष्कळ कबुल्या पाहिल्या होत्या. खरोखर चूक केलेला माणूस 'शक्यता' असा शब्द सहसा लिहीत नाही. एक तर सरळ नाकारतो, नाहीतर पायाच पडतो.

"केबिनची किल्ली द्या," ते म्हणाले.

३

किल्ली शिपाई बन्सीकडं होती. पन्नाशीचा, काटक माणूस. जिना चढतानाच तो बोलायला लागला.

"साहेब, त्या कर्नलनं समदा घोटाळा केला म्हनत्यात. पन मी समक्ष सांगतो, त्या दिशी मिलिटरीचं कुनीबी हितं आल्तं न्हाई."

पाटोळ्यांना हसू आलं. लष्कराची छावणी असलेल्या नगरच्या माणसाला कर्नल म्हटलं की दुसरं काय सुचणार. "मिलिटरीचा नाही बन्सी, मशीनमधला असतो एक. बरं, मंगळवारी लॅब कधी उघडली?"

"साडेसातला. झाडलोट करायची हुती, पावनं येनार म्हनून."

"मग कोण कोण आलं?"

"कुनी न्हाई. प्रवीन सर धाच्या यष्टीनं आलं, श्रीरामपूरवरून. म्हयेंद्र सर सकाळधरनं टेशनावर. सचिव साहेब साडेधाला."

"साडेसात ते दहा लॅबमध्ये कुणीच नव्हतं?"

"कुनीच न्हाई. मी खालीच हुतो, हार बनवीत. दीपाताई तेवढ्या हुत्या, पन त्या रोजच येत्यात."

पाटोळे पायरीवर थांबले. मग पुन्हा चालू लागले.

"लाइट गेली होती का मंगळवारी?"

"न्हाई. पान्याची मोटार अकरापत्तूर चालू हुती. आन त्या मशीनला तर ब्याटरी हाय खालून. लाइट गेली तरी बंद पडत न्हाई ते."

४

दीपा ओहोळ केबिनच्या दारातच उभी होती. तिशीच्या आतबाहेरची, सडपातळ, खांद्यावरचा पदर सारखा नीट करणारी. पाटोळ्यांना मशीन दाखवायला तिलाच सांगितलं होतं.

"मला यातलं काही कळत नाही," पाटोळे खुर्ची ओढत म्हणाले. "शाळेतल्या पोराला सांगता तसं सांगा. आत आत्ता कुठला कर्नेल चालतोय, हे मशीनला विचारता येतं का?"

तिनं एक आज्ञा टाइप केली. पडद्यावर लांबलचक ओळ आली.

"लिनक्स, दोन पॉइंट शून्य पॉइंट पस्तीस," तिनं वाचलं. "म्हणजे जुनाच आहे. नवा दोन पॉइंट दोनचा असायला हवा होता. मॉड्यूल नव्याची आहेत, म्हणून जुळत नाही."

"पुढं अजून बरंच लिहिलंय."

"ते काही महत्त्वाचं नाही."

पाटोळ्यांनी चष्मा लावला आणि ती ओळ एकेक अक्षर बघून वहीत उतरवली. केबलमधल्या शंभर तारांपैकी कुठली महत्त्वाची नाही हे आधीच ठरवायचं नसतं, अशी त्यांची सवय होती. रूट ॲट काष्टी. क्रमांक तीन. एकोणीस ऑगस्ट अठ्ठ्याण्णव.

"हे काष्टी म्हणजे श्रीगोंद्याकडचं काष्टी?"

"मशीनचं नाव असेल काहीतरी. महेंद्र सर कशालाही काहीही नाव देतात."

"बरं. आणि हे मशीन किती वेळ चालू आहे, हेही सांगतं का ते?"

तिनं पदर नीट केला. मग तिनं एक शब्द टाइप केला. उत्तर आलं: दोन दिवस, तीन तास, अठरा मिनिटं.

पाटोळ्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. गुरुवार, अकरा वाजून आठ मिनिटं. वहीत त्यांनी वजाबाकी केली आणि उत्तराखाली रेघ ओढली.

मंगळवार, सकाळी सात वाजून पन्नास मिनिटं. रविवारपासून चालू असलेलं मशीन त्या वेळी कुणीतरी बंद करून पुन्हा चालू केलं होतं. आणि महेंद्र त्या वेळी रेल्वे स्टेशनवर होता.

५

प्रवीण हा लॅबमधला तिसरा माणूस. कायम नोकरीतला, फुगऱ्या गालांचा, महेंद्रबद्दल मनात अढी असलेला. हे त्यानं लपवलंही नाही.

"मी त्याला सांगितलं होतं, समिती येईपर्यंत काही बदलू नको. पण ऐकणार कोण? आम्हाला काही येत नाही, सगळं त्यालाच येतं."

"तुम्हाला येतं का?"

"मी हार्डवेअर बघतो. ते लिनक्स-बिनक्स त्या दोघांचंच. तो शिकवायचा, ती लिहून घ्यायची."

"काष्टीला आपलं काही आहे का?"

"संस्थेचं ट्रेनिंग सेंटर आहे ना. मी कधी गेलो नाही. शनिवारी दीपा मॅडम जातात."

"मंगळवारी बिघाड दिसला तेव्हा तुम्ही इथं होता. काय झालं, ते सगळं सांगा. कोण काय बोललं ते."

प्रवीणनं आठवून सांगितलं. पाहुणे आले, पडदे बघितले, सचिवांनी महेंद्रला मागं ढकललं. "मग दीपा मॅडम म्हणाल्या, सर, दोन मिनिटं द्या, मी बंद करून चालू करून बघते. त्यांचा हात बटणापर्यंत गेला होता. तर सचिव ओरडले, 'तुम्ही बाजूला व्हा बाई, एकानं घाण केली ती पुरे! कुणी हात लावायचा नाही!' मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्या एवढ्या का घाबरल्या कळलं नाही. ओरडा काय, आम्ही रोजच खातो."

"मग त्यांनी काय केलं?"

"दोनदा विनवलं. सर, एकदाच, म्हणून. शेवटी रडायला लागल्या. पाहुणे बघत होते, फार वाईट दिसलं ते."

पाटोळ्यांनी वही मिटली. एखाद्यानं मुद्दाम मशीन बिघडवलं असेल, तर ते चालू करू द्या म्हणून तोच कशाला रडेल? त्यांना उत्तर सापडेना. आणि सापडेल की काय, अशी भीतीही वाटायला लागली.

६

महेंद्र सिद्धार्थनगरमध्ये भाड्याच्या खोलीत राहायचा. दाढी वाढलेली, अंगावर कालचाच सदरा. त्यानं पाटोळ्यांना खुर्ची दिली आणि स्वतः पेटीवर बसला.

"चूक माझीच असेल, साहेब. नवा कर्नेल चढवला की शेवटी एक आज्ञा द्यावी लागते. मशीनला सांगावं लागतं, की यापुढं हा घे. ती दिली नाही तर पुढच्या वेळी मशीन पुन्हा जुनाच उचलतं. मला वाटतंय मी दिली. पण दोन दिवस विचार करकरून आता काहीच खात्रीनं आठवत नाही."

"कर्नेल म्हणजे नक्की काय हो?"

"ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मशीन चालू झालं की पहिला तो मेमरीत येतो. मॉड्यूल म्हणजे त्याच्या मापानं बनवलेले छोटे तुकडे, एकेका कार्डासाठी एकेक. गाभा एका मापाचा आणि तुकडे दुसऱ्या मापाचे असले, की तो त्यांना आत घेत नाही."

"आणि तुम्ही ती आज्ञा विसरला असाल, तर कुठला जुना गाभा येईल?"

"जानेवारीत मी बनवलेला. छत्तीस."

"छत्तीस?" पाटोळ्यांनी वही उघडून पुढं धरली. "पडद्यावर पस्तीस आहे."

महेंद्रनं ओळ वाचली. पुन्हा वाचली. पेटीवरून उठून तो वही घेऊन दारातल्या उजेडाकडं गेला.

"हे तुम्ही पडद्यावरून उतरवलंय? नक्की?"

"अक्षर न् अक्षर."

"साहेब, कर्नेल जिथं बनतो त्या मशीनचं नाव आणि तारीख त्याच्यात कायमची राहते. हा मी काष्टीच्या मशीनवर बनवला होता, गेल्या ऑगस्टमध्ये. तिथल्या राउटरसाठी. हा नगरच्या हार्ड डिस्कवर कधी आलाच नाही. आहे तो एका फ्लॉपीवर, आणि ती फ्लॉपी काष्टीला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी ती फ्लॉपी घालून मशीन चालू केलं. फ्लॉपीवर नुसता गाभा असतो, बाकी सगळं हार्ड डिस्कवरून येतं. माझी नवी मॉड्यूल त्याला जुळली नाहीत." त्याचा आवाज चढला. "गाभा मेमरीत गेला की फ्लॉपी काढून घेता येते. बाहेरून काहीही दिसत नाही! मी विसरलो नव्हतो, साहेब. मी विसरलो नव्हतो!"

"ही फ्लॉपी काय काम करते, हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"आम्हा दोघांनाच. मी आणि..."

तो थांबला. चेहऱ्यावर नुकताच आलेला उजेड पाटोळ्यांच्या डोळ्यांदेखत विझला. त्यानं वही हळूच मिटून परत दिली.

"आणि कोण?"

"आठवत नाही," महेंद्र म्हणाला. "तुम्ही त्या कागदाप्रमाणंच लिहा, साहेब. माझी चूक झाली असेल."

७

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं पाटोळे काष्टीला उतरले. ट्रेनिंग सेंटर म्हणजे बाजारतळाच्या कडेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली. सहादेव नावाचा तरणा रखवालदार एकटाच होता.

"हितली लाइन दोन म्हयन्यांपास्नं कापलीय," तो म्हणाला. "मशीन झाकून ठिवलंय. पोरं नुसतं टायपिंग शिकत्यात."

"फ्लॉप्या कुठं असतात?"

सहादेवनं कपाटातून प्लॅस्टिकची पेटी काढली. महेंद्रच्या रेखीव अक्षरात प्रत्येक फ्लॉपीवर चिठ्ठी होती, आणि झाकणाच्या आत यादी. सहाव्या क्रमांकावर लिहिलं होतं: राउटर, चालू करण्याची. पेटीत पाच आणि सात होत्या. सहा नव्हती.

"ही कुणी नेली?"

"दीपा म्याडमनी. गेल्या शनवारी." सहादेवनं अगदी सहज सांगितलं. "म्हनल्या, नगरला लागती, फुडच्या शनवारी आनून ठिवते. का वो, हरवली का?"

शनिवारी. म्हणजे महेंद्रनं रविवारी नवी सिस्टिम चढवायच्या आदल्याच दिवशी. तो काय करणार आहे हे जिला माहीत होतं, तिनं फ्लॉपी आधीच आणून ठेवली होती. रागाच्या भरात झालेली गोष्ट नव्हती ही.

"नाही," पाटोळे म्हणाले. "हरवली नाही."

८

दीपाचं घर सावेडीच्या पलीकडं, रेल्वेच्या बाजूला. तिची आई भामाबाई दारात मेथी निवडत होती. पाटोळ्यांना बघून तिनं जुडी बाजूला सारली आणि आत हाक मारली.

दीपा बाहेर आली. पाटोळ्यांनी काही विचारायच्या आत ती परत आत गेली आणि एक फ्लॉपी घेऊन आली. त्यांच्यासमोर ठेवली.

"तुम्ही ती ओळ उतरवून घेतली तेव्हाच मला कळलं," ती म्हणाली.

"का केलंत?"

दीपा उंबऱ्यावर बसली.

"दहा मिनिटांचं काम होतं, साहेब. समिती येणार, नेट बंद दिसणार, महेंद्र सर गडबडणार. मग मी पुढं होणार, बटण दाबणार. फ्लॉपी आत नसली की मशीन आपोआप नव्या कर्नेलवर येतं. सगळं चालू. दिल्लीच्या लोकांसमोर दिसलं असतं की हिलाही येतं. सहा वर्षं तिथं काही झालं की एकच हाक असते, महेंद्रला बोलवा. मी म्हणजे हजेरी घेणारी बाई. मुलाखतीतही तेच होणार होतं. जागा एक आणि आम्ही दोघं."

"पण त्यांनी बटण दाबू दिलं नाही."

"नाही दिलं." ती हसली, आणि ते हसू बघवत नव्हतं. "एवढं एकच मी धरलं नव्हतं. मला वाटलं होतं, मॅडम तुम्ही बघा, असं कुणीतरी म्हणेल."

"मग नंतर का नाही बोललात? त्याच्याकडून कागद लिहून घेतला तेव्हा?"

"रोज ठरवायचे. उद्या सांगीन म्हणायचे." तिनं पदर तोंडाशी धरला. "कर्नेल काय असतो, ते मला त्यांनीच शिकवलं, साहेब. ती फ्लॉपी बनवली तेव्हा मी शेजारी बसले होते."

भामाबाईला यातलं फारसं कळलं नव्हतं. पण म्हयेंद्र हे नाव तिला कळलं. ती लेकीकडं बघत राहिली.

"आगं, त्यो तुज्या बापाच्या मैताला खांदा द्याया आल्ता," ती म्हणाली. एवढंच.

९

शनिवारी सकाळी श्रीमंतराव, प्रवीण, दीपा आणि महेंद्र, चौघांना केबिनमध्ये उभं करून पाटोळ्यांनी आधी फ्लॉपीचा कप्पा रिकामा असल्याचं दाखवलं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

मशीन बंद झालं, पुन्हा सुरू झालं. पडद्यावर ओळी धावल्या. नवा कर्नेल आला, कार्ड सापडलं, लॅबमध्ये एकामागून एक मशीन जोडली गेली. दीड मिनिटसुद्धा लागलं नाही.

"म्हणजे मशीन चांगलंच होतं?" श्रीमंतराव म्हणाले.

"मंगळवारीही चांगलंच होतं," पाटोळे म्हणाले. "सात वाजून पन्नास मिनिटांनी या बाईंनी ते काष्टीच्या फ्लॉपीवर चालू केलं. ती त्यांची चूक. पावणेअकराला त्या ते दुरुस्त करायला गेल्या, तुम्ही ओरडून थांबवलंत. समितीसमोरच चालू झालं असतं. साठ जागा तिथं गेल्या. हेही मी लिहिणार आहे."

श्रीमंतरावांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ते कुठल्या तरी हिशेबात गढल्यासारखे दिसत होते. पाटोळ्यांना त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

महेंद्र दीपाकडं बघत नव्हता. तो पडद्याकडं बघत होता. "सर," ती हळूच म्हणाली. त्यानं कीबोर्ड नीट सरळ केला आणि बाहेर निघून गेला.

पाटोळ्यांनी नऊ पानांचा अहवाल लिहिला. काही सोडलं नाही, काही घातलं नाही. पंधरा दिवसांनी संस्थेचा आदेश आला. दीपा ओहोळ यांना गैरवर्तनाबद्दल कमी करण्यात येत आहे. महेंद्र भिंगारदिवे यांनी महत्त्वाची फ्लॉपी निष्काळजीपणे ठेवल्यामुळं त्यांची मुदत वाढवण्यात येत नाही. राखीव जागेसाठी पात्र उमेदवार उपलब्ध नाही, असं समाजकल्याण खात्याला कळवण्यात येत आहे. सोबत चौकशी अहवाल.

पाटोळ्यांनी सोबतचा अहवाल चाळला. पान चारनंतर पान सहा होतं. श्रीमंतरावांबद्दलचं सगळं पाचव्या पानावर होतं.

ते सचिवांच्या ऑफिसात गेले. श्रीमंतरावांनी उठून त्यांचा हात हातात घेतला.

"फार उत्तम काम केलंत, पाटोळे. मी एकालाच काढायचा विचार करत होतो."

१०

पाचव्या पानाची कार्बन प्रत पाटोळ्यांकडं होती. त्यांनी ती समाजकल्याण खात्याला पाठवली. उत्तर आलं, की चौकशी अधिकाऱ्याचा अर्ज चालत नाही, ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं अर्ज करावा.

सप्टेंबरमध्ये भामाबाई त्यांच्या घरी आली. खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

"साहेब, त्या जागंवर आता कोन हाय?"

"कुणी नाही. रिकामी आहे."

"मंग दोगांच्या नावानं अर्ज लिवा. पोरीची चूक हाय, ती तसं लिवून द्याया तयार हाय. पर जागा त्याला तरी घावू द्या."

पाटोळ्यांनी त्याच दुपारी अर्ज लिहिला. दीपानं सगळं कबूल करून सही केली. महेंद्र तोवर पुण्याला गेला होता, एका दुकानात कॉम्प्युटर जोडायचं काम करत होता. पाटोळे एसटीनं पुण्याला गेले, पत्ता शोधत दुकानात पोचले.

महेंद्रनं हात पुसून अर्ज घेतला. उभ्या उभ्या सगळा वाचला. दीपाच्या सहीपाशी त्याची नजर थांबली. मग त्यानं कागदाची होती तशी घडी घातली आणि परत दिला.

"नको, साहेब."

"जागा तुम्हाला मिळू शकते. ती स्वतः लिहून देतेय."

"माहीत आहे."

"मग? सहा वर्षं वाट पाहिलीत या जागेसाठी."

दुकानातून कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं आलो म्हणून सांगितलं.

"मी समाजकल्याण खात्याला तो अर्ज दिला तेव्हा दीपाला विचारलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, दोघांत एकच जागा आहे, काय करायचं? ती म्हणाली, ज्याचं नशीब. तेव्हाच जर ती म्हणाली असती ना, साहेब, की घरात आई आहे, मला ही जागा हवी आहे, तर मी मुलाखतीलाच गेलो नसतो. एवढंच बोलायचं होतं तिला."

तो आत गेला. पाटोळे स्टँडकडं निघाले.

पाटोळे नगरला परतून दीपाच्या घरी गेले, तेव्हा भामाबाईनं विचारलं, पोरगं काय म्हनलं? पाटोळ्यांनी सांगितलं, त्याला तिकडं चांगलं काम मिळालंय, इकडं यायची इच्छा नाही. दीपा आतल्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, आणखी काही म्हणाले का?

"नाही," पाटोळे म्हणाले. चौकशीत एक अक्षर न सोडणाऱ्या त्या माणसानं एवढी एकच गोष्ट सोडून दिली.